एकाशी एक, दुसऱ्याशी एक

“फादर, तुम्ही यायच्याशी येक बोलता अन् भावजीशी येक बोलता. यातलं खरं कोनतं?”

रविवारची मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने मला हा प्रश्न विचारला. भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु दुपारच्या जेवणालाही तो प्रश्न माझ्यासमोर बसून होता.

त्या दोघा भावांमध्ये धुऱ्याचा वाद होता. दोन शेतांमधल्या बांधाला वऱ्हाडात धुरा म्हणतात. वाशीम जिल्ह्यातील वाचकाला हे सांगावे लागत नाही. वसई-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. वडिलांच्या मागे सहा एकर कोरडवाहू जमिनीची वाटणी झाली. दोन-तीन पेरण्या सुखाने पार पडल्या आणि मग थोरल्याचे म्हणणे सुरू झाले की, धाकटा दरवर्षी औताचे एक तास धुऱ्यात घालतो आणि धुरा त्याच्याकडे सरकतो. जमीन मोजली तर हातभर भरेल. मात्र ज्याने बांधावरून भांडणारी माणसे पाहिली आहेत, त्याला हातभर जमिनीचे वजन ठाऊक असते.

दोघांची भांडण्याची रीत अगदी वेगळी. थोरला चावडीवर, पारावर, चर्चच्या आवारात, जेथे चार माणसे असतील तेथे मोठ्याने बोलणार, हातवारे करणार, वडिलांची शपथ घेणार. धाकटा मान खाली घालून ऐकणार, ‘बरं’ म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीप्रमाणेच औत घालणार. सेमिनरीत आम्हांला समेटाची एकच रीत शिकवली होती: दोघांना समोरासमोर बसवावे, दोघांचे ऐकावे, सत्य स्पष्ट सांगावे आणि सर्वांसमक्ष वचन घ्यावे. मी तसेच केले. थोरला तासभर बोलला. धाकट्याला विचारले, त्याने मान हलविली. कागद झाला, दोघांनी सह्या केल्या, चहा झाला. आपण चांगले काम केले या समाधानात मी झोपलो. मृगात पाऊस पडला, आणि धाकट्याचे औत पुन्हा जुन्याच खुणेवरून गेले. मी रागाने त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या मुलांसमोर त्याला खोटारडा म्हणालो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे तो चर्चमध्ये आला नाही.

त्याने शब्द मोडला हे खरेच. पण त्याने शब्द दिला होता का? त्याची मान हलणे म्हणजे होकार, हे मी ठरविले होते. थोरल्या भावासमोर, चार पंचांसमोर आणि पांढरा झगा घातलेल्या धर्मगुरूसमोर नकार देण्याची त्याला लहानपणापासून सवयच नव्हती. ‘हे प्रकरण लवकर संपू द्या’ एवढेच ती मान सांगत होती.

पुढे मी रीत बदलली. थोरल्याला अडवायचे नाही. त्याचा पहिला भर ओसरू द्यायचा, मग त्याला घेऊन धुऱ्याने चालायचे. चालताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो, हे मला उशिरा कळले. त्याला आडवळणाने सांगितलेले कळत नाही. ‘तुझे हे चुकते’ असे तोंडावर सांगितले तर तो चिडतो, पण ते ध्यानात ठेवतो. धाकट्याला चारचौघांत प्रश्नच विचारायचा नाही. तो विहिरीवर ओलिताला असला की जाऊन बसायचे, तुरीचे, सोयाबीनच्या भावाचे बोलायचे आणि थांबायचे. असे चार-पाच वेळा झाल्यावर एका संध्याकाळी तो बोलला. हे पापनिवेदनातील बोलणे नव्हते, आणि येथे लिहिण्यास त्याची संमती आहे. वडील गेल्यावर थोरल्याने तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घेतला, वाटणीची रेघ स्वतःच ठरविली आणि घरी येऊन नुसते कळविले. धाकटा म्हणाला, “जमिनीचं काई नाई, फादर. मले इचारलं नाई.”

त्याचे औत तेवढ्यासाठी दरवर्षी धुऱ्यात जात होते.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. एकाशी कठोर, दुसऱ्याशी मृदू. एकाशी चारचौघांत, दुसऱ्याशी एकांतात. याला शहाणपण म्हणावे की दुतोंडीपणा? गावात अशा माणसाला आपण चांगले नाव देत नाही. ‘ज्याच्या घरी जातो त्याचे गातो’ असे म्हणतो.

हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या श्रद्धेच्या मुळाशीच तो उभा राहिला आहे. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपण यहुद्यांशी यहुद्यांसारखे आणि दुर्बलांशी दुर्बलांसारखे झालो असे सांगतो. त्याचा विरोधक सहज म्हणू शकला असता की, मग तुझे स्वतःचे काय? तिमथीची त्याने सुंता करविली आणि तीताची होऊ दिली नाही. एकच प्रश्न आणि एकाच माणसाची दोन उत्तरे! परंतु याच पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत फटकारले. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसे आली तसा तो पंगतीतून बाजूला झाला. वरवर पाहता पेत्राने पौलाचाच नियम पाळला होता: माणसे पाहून वागणे बदलले. मग एकाचे वागणे प्रेषिताचे आणि दुसऱ्याचे ढोंग, असे का? मला दिसते ते असे की, तिमथीच्या बाबतीत पौलाने जे केले त्याने सुवार्ता आणखी माणसांपर्यंत पोहोचणार होती, आणि त्याची किंमत स्वतः पौल व तिमथी देत होते. पेत्राच्या उठण्याची किंमत मात्र पंगतीत मागे राहिलेल्या परराष्ट्रीयांनी दिली. त्यांना न बोलता कळविले गेले की, तुम्ही दुय्यम आहात. रीत बदलताना त्याचा भार कोण उचलतो, हे पाहिले पाहिजे.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने एक सुंदर दाखला दिला आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत. लोखंडी पट्टी ओबडधोबड दगडावर टेकत नाही. शिशाची पट्टी दगडाच्या अंगाप्रमाणे वाकते. कायदा सर्वांना एकच असला तरी प्रत्यक्ष प्रकरणात न्याय करताना तो असा वाकवावा लागतो, हे त्याला सांगायचे होते. सेमिनरीत हा दाखला शिकताना मला तो फार आवडला होता. आता त्यात मी एक भर घालतो: पट्टी वाकली तरी तिची लांबी तीच राहते. थोरल्याला आणि धाकट्याला मी वेगवेगळ्या आवाजात सांगितले ते सत्य एकाच लांबीचे होते का, हे तपासायला हवे होते. ते मी लगेच तपासले नाही. त्याविषयी पुढे सांगतो.

अलीकडे या विषयावर पुष्कळ शास्त्र झाले आहे. 1974 साली केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकन अभ्यासकांनी संघर्षात माणसे कशी वागतात याचे पाच प्रकार मांडले: झुंजणे, नमते घेणे, टाळणे, अर्ध्यावर तडजोड करणे आणि दोघांचेही समाधान होईल असा मार्ग मिळून शोधणे. मोठमोठ्या कंपन्यांत नोकरदारांना त्याच्या प्रश्नावल्या भरायला देतात. उपयोगाची गोष्ट आहे; पण माणसाच्या कपाळावर एकच शिक्का मारायला ती वापरली जाते तेव्हा मला तिची भीती वाटते. आमचा थोरला भावकीत वाघ, पण बँकेच्या खिडकीपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तोच धाकटा बाजारात बैलाचा सौदा करताना पाहावा! भांडण कोणाशी आणि कशावरून, यावर माणसाची रीत ठरते. म्हणून समोरच्या माणसाचा स्वभाव ओळखणे पुरेसे नाही. भांडणाचाही स्वभाव ओळखावा लागतो.

हे मला शिकविले ते शिरपूरने. समेटाच्या खटपटीत थोरला एकदा वैतागून म्हणाला होता, “आमचं शिरपूर नोका करू, फादर!” आमच्या भागात हे सांगितले की पुढे स्पष्टीकरण लागत नाही.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे जैन बांधवांचे थोर तीर्थ. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीचा आधार न घेता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा. खालून वस्त्र सरकते असे सांगतात. अचलपूरच्या एल राजाची कथा या मूर्तीशी जोडलेली आहे. श्वेतांबर आणि दिगंबर हे दोन्ही पंथ तिची पूजा करतात. दिगंबरांची मूर्ती निराभरण असते. श्वेतांबरांच्या मूर्तीवर कटिवस्त्राची, करदोऱ्याची खूण असते. मूर्तीला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. हा लेप कोणी द्यावा आणि त्यात ती खूण काढावी की नाही, येथे वादाचे मूळ आहे.

या वादाने जवळजवळ सर्व रीती पाहिल्या. 1905 साली दोन्ही पंथांनी आपसात समझोता करून पूजेचे वेळापत्रक ठरविले. पाच वर्षांत तो अपुरा पडला आणि 1910 साली अकोल्याच्या न्यायालयात दावा गेला. तेथून नागपूर, नागपूरहून लंडनची प्रिव्ही कौन्सिल. 1929 साली निकाल लागला: व्यवस्थापन आणि लेपाचा अधिकार श्वेतांबरांचा, आणि दिगंबरांना ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क. एकोणीस वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, ज्यांनी शिरपूर कधी पाहिले नसेल अशा न्यायमूर्तींनी तो निकाल दिला. वाद संपला नाही. 1981 साली मंदिराला कुलूप लागले. पुढली बेचाळीस वर्षे भाविकांनी बाहेरूनच दर्शन घेतले. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलूप उघडण्याचा आणि लेपाचे काम होऊ देण्याचा आदेश दिला, मार्चमध्ये दार उघडले, आणि थोड्याच दिवसांत आवारात पुन्हा हाणामारी झाली.

कोणाचा पक्ष बरोबर हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि इच्छाही नाही. अनेकान्ताचा, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार जगाला देणारा हा समाज आहे. त्याला मी काय शिकवणार? मी फक्त वादाच्या स्वभावाकडे पाहतो. 1905 चा समझोता करणारी माणसे शहाणी होती. वेळ वाटता येतो, म्हणून त्यांनी वेळ वाटला. परंतु लेप वाटता येत नाही. सकाळी खूण आणि दुपारी खूण नाही, असे होत नाही. मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने 1920 च्या दशकात आपलाच एक अनुभव सांगितला होता. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. शेवटी शेजारच्या खोलीची खिडकी उघडली. हवा आली, आणि अंगावर वारा नको असलेल्यालाही त्रास झाला नाही. फार चांगले उदाहरण आहे, पण शिरपूरला शेजारची खोली नाही. मूर्ती एकच आहे. ज्या वादात वस्तूचा वाटा हवा असतो तेथे तडजोड चालते. ज्या वादात ‘आम्ही कोण’ हे ठरत असते तेथे वेळापत्रक थोडा काळ शांतता देते आणि न्यायालय जेता व पराजित देते. कुलूप तर आमच्या धाकट्याच्या मान हलविण्यासारखेच. आवाज बंद होतो आणि लोक त्याला शांतता समजतात.

दुसऱ्याच्या अंगणात एवढे फिरून आल्यावर आपल्या घराकडे पाहिले नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. यरुशलेम येथील पवित्र कबरेच्या मंदिरात ग्रीक ऑर्थोडॉक्स, आमचे फ्रान्सिस्कन, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन असे सहा ख्रिस्ती समाज आहेत. 1852 सालच्या ऑटोमन सुलतानाच्या फर्मानाने तेथील हक्क ‘जैसे थे’ गोठविले. मुख्य दाराची चावी शतकानुशतके मुसलमान घराण्यांकडे आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी त्याच्याही आधीपासून उभी आहे. ती उचलण्याचा हक्क कोणाचा हे ठरत नाही म्हणून ती तेथेच. नोव्हेंबर 2008 मध्ये ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंनी तेथे एकमेकांवर हात टाकले. जगभर ते चित्रीकरण दाखविले गेले. आणि तेथेही मूळ शिरपूरसारखेच: जो दुरुस्ती करतो तो मालक ठरतो. म्हणून प्रभूच्या कबरेवरची देवडी मोडकळीस आली तरी कोणी कोणाला हात लावू देईना. 1947 साली ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांचा आधार दिला, आणि पुनरुत्थानाचे ते स्थान जवळजवळ सत्तर वर्षे तुरुंगासारख्या गजांत उभे राहिले.

फेब्रुवारी 2015 मध्ये देवडी धोकादायक म्हणून पोलिसांनी ती काही तास बंद केली. त्यानंतर सुमारे वर्षभरात ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन या तिन्ही समाजांत करार झाला, अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या तज्ज्ञांनी काम केले आणि मार्च 2017 मध्ये गज निघाले. या कराराकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. कोणीही आपला हक्क सोडला नाही आणि कोणाचा पक्ष खरा हेही ठरले नाही. खर्चात तिघांचा वाटा राहिला आणि हातोडी मात्र तिऱ्हाइताच्या हाती दिली. ‘दुरुस्ती म्हणजे मालकी’ ही गाठ तेवढ्यापुरती सुटली. देवडी कोसळली तर भांडायलाही काही उरणार नाही, ही भीती तिघांनाही एकाच वेळी वाटली. हे शिरपूरला लागू पडेल का? सांगता येत नाही. तेथे आकारच वादात आहे, आणि आकाराला तिऱ्हाईत नसतो. तरीही दोन्ही पंथांना मूर्ती झिजण्याची भीती सारखीच वाटत असणार असे मला राहून राहून वाटते.

मी पुन्हा आमच्या धुऱ्याकडे येतो, कारण तेथे माझे देणे राहिले आहे. त्या बाईच्या प्रश्नानंतर मी एक कसोटी लावली. एकांतात मी थोरल्याशी जे बोललो ते धाकट्यासमोर आणि धाकट्याशी जे बोललो ते थोरल्यासमोर, त्यांची गुपिते वगळून, जसेच्या तसे वाचून दाखविता येईल का? आवाजाची पट्टी वेगळी निघाली तर हरकत नाही. मी एकेक वाक्य आठवले. बहुतेक वाक्ये पार पडली. एक वाक्य पार पडले नाही. धुऱ्याने चालताना, थोरला जरा निवळला आहे असे पाहून मी त्याला म्हणालो होतो, “धाकट्यालाही आता वाईट वाटते. चुकलो म्हणतो.” धाकटा तसे कधीच म्हणाला नव्हता. थोरल्यासारख्या माणसाला जिंकल्याचे समाधान दिले की तो सोडून देतो, हे मला कळले होते, आणि मी ते वापरले. त्याची किंमत मी धाकट्याच्या नावावर टाकली. अंत्युखियातला पेत्र मी व्याख्यानांतून किती वेळा समजावून सांगितला असेल!

धाकट्याच्या विहिरीवर जाऊन मी त्याला हे सांगितले. तो मोटार बंद करायला उठला आणि बराच वेळ परत आला नाही. परत आल्यावर त्याने एवढेच सांगितले की, फेरफाराची गोष्ट आता दादाला कळली तरी चालेल. मग मी थोरल्याकडे गेलो. “तो चुकलो म्हणाला नव्हता. ते मी माझ्या पदरचे सांगितले.” तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत राहिला आणि म्हणाला, “मंग त्यानं काय म्हटलं होतं?” मी सांगितले. त्या दिवशी प्रथमच तो माझ्याशी चकार शब्द न बोलता घरात गेला, आणि त्या मौनाचा अर्थ लावण्याचे धाडस मी केले नाही.

त्याच्या पत्नीलाही मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले, ते वाक्य धरून. ती म्हणाली, “मंग आता दोघाइले येका जागी सांगा ना.” म्हणजे फिरून मी माझ्या पहिल्या रीतीपाशी आलो, जी एकदा फसली होती. सरकारी मोजणी होऊन दगड रोवला गेला आहे. तो दोघांनाही पसंत नाही. तुरी निघाल्यावर दोघांना एकत्र बसवायचे ठरले आहे. दादाने आधी बोलू नये, अशी धाकट्याची अट आहे. थोरल्याने ती ऐकून घेतली. मान्य केली असे मला म्हणवत नाही.